चालता नेम

फौजदार कौसल्या साळवे १९९१ साली भिवंडीत रुजू झाली. उभं राहून मारायचं असलं की तिचा नेम पक्का. पण चालता चालता सहा गोळ्या झाडायच्या चाचणीत तिच्या दोनच निशाणाला लागल्या. पास व्हायला चार लागत. महिन्याभराने पुन्हा संधी होती.

तिचे वडील पोस्टात होते. त्यांच्या ओळखीने ती टेमघरला मोहिउद्दीनचाचांकडे गेली. फौजेत हवालदार असताना त्यांनी अकरा वर्षं जवानांना पिस्तूल शिकवलं होतं. आता वय सत्तरच्या पुढे. तिने रिव्हॉल्व्हर रिकामं करून दाखवलं, तर चाचा म्हणाले, "ठेव ते आत. आधी चालायला शीक."

त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला तिच्या दोन्ही हातांत दिला. हात समोर ताठ धरून अंगण ओलांडायचं, पाणी सांडायचं नाही. पहिल्या दिवशी तिची बाही कोपरापर्यंत भिजली.

"मोठी ढांग टाकू नकोस. गुडघे सैल सोड. टाच आधी, मग चवडा. कंबरेखालून चाल, वरचं अंग विसरून जा."

रोज ड्युटी संपली की ती यायची. ओट्यावर राघो नावाचा एक म्हातारा सुपारी कातरत बसलेला असायचा. "पोरी, खांदं हालतात अजून," तो मध्येच म्हणायचा. आठवड्याने पाणी सांडेनासं झालं आणि पेल्याच्या जागी रिकामं रिव्हॉल्व्हर आलं. समोर भिंतीवर खडूचा ठिपका होता.

एकदा राघो पाणी प्यायला उठला आणि तिला दिसलं, तो डावा पाय ओढत चालतो.

"काय झालं पायाला, बाबा?"

राघोने पाण्याचा पेला तोंडाला लावला. मोहिउद्दीनचाचाच म्हणाले, "माझी गोळी लागली त्याला."

फौजेतून सुटल्यावर ते दापोड्याला एका गोदामावर बंदूकधारी राखणदार होते. एका संध्याकाळी चोर पळाले. चाचा मागे धावले आणि धावता धावताच गोळी झाडली. गोण्यांच्या थप्पीआडून हमाल राघो बाहेर येत होता.

"हे सगळं मला येत होतं, बेटी. दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण पाय धावत होते, तसं बोटही धावलं."

"सा महिनं खाटंवर व्हतो," राघो म्हणाला. "ह्यो रोज यायचा न् दारात हुबा राहायचा. मंग मीच म्हनलो, आलास तर बस, चहा पी. मनात आता काय न्हाय."

चाचांनी मान वर केली नाही. कौसल्याही त्या दिवशी लवकर निघाली. आपल्या चुकलेल्या चार गोळ्या निशाणामागच्या मातीच्या बंधाऱ्यात शिरल्या होत्या. तिथे बंधारा नसता तर, हा विचार तिला आजवर कधी शिवला नव्हता.

चाचणीच्या दिवशी ऊन कोवळं होतं. शिट्टी झाली आणि ती चालू लागली. पाच गोळ्या संथपणे सुटल्या. सहावीच्या वेळी टाचेखालचा खडा घरंगळला, नेम ढळला. तो पुन्हा जुळायच्या आत, जिथवर सहाही गोळ्या संपवायच्या ती शेवटची रेघ आली. तिने बोट चापावरून काढलं आणि नळी खाली केली.

"एक राहिली," परीक्षक साहेब म्हणाले.

"नेम बसला नव्हता, सर."

"निशाणच आहे ते. मारायची होती. लागली असती कदाचित."

"कदाचित, सर."

साहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग पुढे जाऊन भोकं मोजली. चार होती.

पुढच्या सुट्टीला तिने टेमघरला जाऊन सगळं सांगितलं. चाचांनी चार हा आकडा ऐकला आणि नुसती मान हलवली. न झाडलेल्या गोळीचं ऐकल्यावर मात्र ते उठले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "जुबैदा, पोरगी आज जेवून जाईल. राघोचंही ताट घे."