उजेडाची मोकळी जागा

मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे, मित्रांनो, आणि माणसांविषयी माझं मत फार वाईट आहे. ते का, एवढंच सांगतो.

एका म्हाताऱ्या कारागिराने दोन वर्षं खपून माझ्यावर एक चित्र कोरलं. अंधारकोठडीत गुडघे टेकलेला संत, आणि वरच्या कोपऱ्यातून तिरपा उतरून थेट त्याच्या उघड्या तळहातावर पडणारा उजेड. जिना, साखळदंड, पेंगणारा पहारेकरी, सगळे त्या उजेडाकडे कललेले. माझ्यावर कोरलेल्या रेघेत शाई भरते आणि ती कागदावर काळी उमटते. म्हणून म्हातारा लेकीला सांगायचा, "पोरी, उजेड कोरायचा नसतो. अंधार कोरायचा आणि उजेडाला हात लावायचा नाही."

चित्र संपलं तेव्हा म्हाताऱ्याला चेहरेही ओळखू येत नव्हते. उजेड कुठे, अंधार कुठे, तेवढं कळायचं. दृष्टी पुरती जायच्या आत पहिला छाप बघायचा, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

आणि इथे जावईबापू अवतरले! दीडशहाणे. मला हातात घेऊन म्हणतात कसे, "सासरेबुवांनी कोपरा मोकळाच सोडलाय की! नजर अधू झाली की असंच व्हायचं." लगेच कोरणी उचलली आणि त्या मोकळ्या जागेत चौदा किरण ओढले. चांगले खोल. विचारायचं तरी कुणाला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

छाप निघाला. किरण कसले, खराट्याच्या काड्या! काळ्याकुट्ट. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. म्हाताऱ्याने कागद खिडकीशी धरला.

"कोपऱ्यात हे काळं काय गं?"

"शाई सांडली, बाबा. दुसरा काढून देते."

जावईबापूंना लाज वाटली असेल म्हणाल, तर छे! "शाईच पातळ होती," म्हणाले आणि जेवायला गेले.

मग लेकीने मला पालथा घातला. त्या रेघांच्या मागून हातोडीने ठोकून ठोकून तांबं वर उचललं, आणि पुढून पोलादी घोटणीने घासत बसली. अकरा दिवस. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. तिकडे म्हाताऱ्याला खिडकीसुद्धा धूसर दिसू लागली होती.

बाराव्या दिवशी तिने दुसरा छाप त्याच्या हातात दिला. त्याने तो पार डोळ्यांशी नेला.

"हा मी सोडलेला उजेड नव्हे," म्हणाला. "मऊ आहे. कुणी केला?"

लेक रडायलाच लागली. "मी, बाबा."

"बरा झालाय. माझ्याहून बरा."

आठवडाभरात त्याला काहीच दिसेनासं झालं. उभ्या जन्मात मी ऐकलेलं शहाणपणाचं वाक्य एकच, त्याचं ते "माझ्याहून बरा."

आता मी काचेच्या पेटीत असतो, शेजारी माझा छाप. चौदा किरणांपैकी एक, संताच्या कोपरापाशी, पुसट राहून गेलाय. जाणकार येतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "वा! या एका रेघेत खरा उस्ताद दिसतो!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. जावईबापूंचं नशीब बघा!

मित्रांनो, मला दमट हवेत ठेवू नये, कोरड्या फडक्याने पुसावं, एवढी अक्कल तुम्हाला असेल असं धरून चालतो. मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात, तेवढे आवरा. आणि एकदा मला पालथा करून बघा. मागे तिच्या हातोडीचे ठोके आहेत. इतक्या वर्षांत ते कुणीही पाहिलेले नाहीत.