विरीचे गॅस्केट

माकुणसारच्या आत्मारामभाऊंना नडला तो त्यांचाच हुन्नर. पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे ते चामड्यासारखे पान, वाडीतली माणसे कशालाही वापरतात. भाऊंनी तिचे मोटारीचे गॅस्केट केले, दोन भागांच्या सांध्यातून हवा शिरू नये म्हणून मध्ये घालतात ती चकती. त्यांच्या जुन्या हिलमनच्या कार्बुरेटरखालचे गॅस्केट फाटले होते, आणि नवे मुंबईहून मागवायचे तर दमयंतीचा जायचा दिवस उलटला असता. मग विरी भिजवली, कात्रीने कापून भोके पाडली, बसवून घट्ट आवळली. मोटार लगेच गुरगुरू लागली, तेव्हा भाऊ स्वतःवर इतके खूश झाले की विचारू नका.

दमयंती त्यांची एकुलती लेक. नवऱ्याकडे एडनला निघाली होती. सफाळ्याहून पॅसेंजरने मुंबई, पुढे बोट. ती नको नको म्हणत असता इतक्या लांबचे स्थळ भाऊंनीच हट्टाने जुळवले होते, आणि आता ते त्यांना आतून खात होते. तिला एवढेच सांगायचे होते, की नाही करमले तर परत ये, घर तुझेच आहे. पण सासरी निघालेल्या लेकीला परत ये म्हणणे त्यांच्याकडे अपशकुनाचे. चारचौघांसमोर बोलणार कसे? म्हणून तर घरची बैलगाडी नि तिचा गाडीवान सोडून, बापलेक दोघेच असावेत म्हणून मोटार काढायचा घाट. त्यातही तिला बोटीपर्यंत पोचवायला निघालेला पुतण्या प्रताप मागे ट्रंक घेऊन बसला, आणि भाऊंनी बोलणे स्टेशनावर ढकलले.

सफाळ्याचे फाटक बंद होते आणि स्टेशन रुळांपलीकडे. भाऊंनी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला मात्र, इंजिन आचका देऊन गप्प झाले. सेल्फ मारला की सुरू, पाय काढला की बंद. बॉनेट उघडून त्यांनी स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला, काही फरक नाही. मग कान लावला, तर कार्बुरेटरखालून सूं सूं हवा ओढली जात होती. इंजिनाच्या तापाने विरी सुकून आक्रसली होती. रोग कळला, पण औषध मुंबईला. ओले फडके गुंडाळले, तेही बघता बघता वाळले. सेल्फ मारून मारून शेवटी बॅटरीही उतरली.

लांबवर पॅसेंजरचा धूर दिसला तशी दमयंती उतरली.

"बाबा, आमी चालत जातो. नायतर चुकंल."

ती पाया पडली. भाऊंचे हात काळे झालेले, तिच्या डोक्यावर ठेवता येईनात. त्या क्षणी सांगून टाकायचे की नाही? पण माणसाचे डोके एकदा बॉनेटमध्ये शिरले की लवकर बाहेर येत नाही.

"तू हो पुढं, मी आलोच," एवढेच ते म्हणाले.

प्रतापने ट्रंक खांद्यावर घेतली आणि दोघे फाटकाखालून गेली. भाऊही निघाले असते, पण मागे भाताच्या गाड्यांची रांग, आणि सगळ्यांच्या वाटेत ही मोटार आडवी. मागच्या गाडीवरच्या चिंधूला दया आली. त्याने पुढे होऊन हँडल मारले, भाऊ आत बसून पाय दाबून राहिले. इंजिन पेटले. पण फाटक उघडायच्या आत पॅसेंजर स्टेशनातून सुटली आणि संथपणे समोरून जाऊ लागली.

दमयंती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून बापाला शोधत होती. मोटार दिसली तशी ती काहीतरी बोलली. भाऊंनीही काचेआडून ओरडून आपले सगळे सांगितले, परत ये, घर तुझंच हाय. ऐकू येत नाही म्हणून तिने कानामागे हात धरला. अहो, पाय उचला, मरू दे ते इंजिन! पण पाय उचलला तर मोटार बंद पडेल, या एकाच भीतीने भाऊंचा पाय आणखीच दाबला गेला. शेवटचा डबा गेला.

तेव्हा कुठे त्यांनी पाय काढला. सगळे शांत झाले.

"चिंधू, काय बोलली रे ती?"

चिंधूने हँडल त्यांच्या हातात दिले.

"नाय आयकू आलं, भाऊ. मोटार लय कोकलत होती तुमची."