करपीला हाक

करपी खरी ठरली असती, तर सगळ्यात मोठा फायदा मठप्रमुख मदरचाच होता. मठात मूठभर म्हाताऱ्या उरलेल्या, नवी मुलगी फिरकत नव्हती आणि बिशप कुलूप लावायच्या बेतात होते. पण जिला देव भेटतो अशी सिस्टर घरात आहे म्हटल्यावर कुलूप लावणार कोण? उलट दारात रीघ लागली असती. मदर प्रार्थना मनापासून करायच्या, पण एक डोळा गळक्या छपरावर ठेवून.

करपी म्हणजे मिस्साच्या, चर्चमधल्या उपासनेत प्रसाद म्हणून देतात त्या, चकत्या भाजणारी सिस्टर. नाव स्वयंपाकघरातल्या आजी सिस्टरनं ठेवलेलं. तापल्या लोखंडी साच्यात पीठ ओतायचं, साचा मिटायचा, आणि मध्येच ही बया जागच्या जागी थिजायची. चिमटा काढा, गदागदा हलवा, ढिम्म. लगेच भानावर यायची ती फक्त मदरच्या हाकेनं. आज्ञापालनाचं व्रत तिनं त्यांच्यापुढे घेतलं होतं ना!

बिशपांनी पाठवलेले फादर नेमकं तेच तपासायला आले. वरिष्ठांच्या एका शब्दासरशी परत येते ती खरी. न येणारी आजारी, नाहीतर ढोंगी. फादर भट्टीपाशी बसले. दुपार कलली तशी करपी थांबली. साच्यातून धूर निघाला आणि फादरनी नाकाला रुमाल लावला.

"आमच्याकडे धूप असाच जळतो, फादर," आजी सिस्टर म्हणाली.

फादर हसले नाहीत. "मदर, बोलवा तिला."

मदर पुढे झाल्या. आजवर त्यांनी हाक मारली ती दारातून, पाठमोरीला, घाईघाईत. तो चेहरा समोरून त्या पहिल्यांदाच बघत होत्या. माहेरचं माणूस अवचित दारात दिसावं, तसा उजळलेला.

"मदर?" फादरनी विचारलं.

"थांबा जरा."

"अहो, कोळसा झाला सगळ्याचा!"

"होऊ दे. झोपेत हसणारं लेकरू तुम्ही उठवाल का?"

आजी सिस्टरनं त्यांची बाही ओढली. "अहो, एक शब्द बोला! नाहीतर सगळ्यांची दाणादाण होईल."

"कळतंय गं मला." मदरनी धुमसता साचा उघड्या हातांनी बाजूला केला, बोटं पोळून घेतली, पण करपीला हाक मारली नाही.

अंधारल्यावर करपी आपणहून भानावर आली आणि साचा कुणी हलवला म्हणून कुरकुरली. फादर तोवर निघून गेले होते. 'सिद्ध झाले नाही,' एवढंच त्यांनी बिशपांना कळवलं.

मठाला कुलूप लागलं. फादरची एक दुपार वाया गेली. आजी सिस्टरची चूल गेली आणि त्यापायी तिनं मदरशी अबोला धरला. मदरचं तर घर गेलं, मान गेला. म्हातारपणी परक्या मठात दुसऱ्यांची भांडी विसळणं नशिबी आलं. करपीला मात्र नव्या जागीही साचाच मिळाला. हे सगळं कुणापायी झालं, ते तिला कुणी सांगितलंच नाही.