तिसऱ्या शब्दानंतर

ध्वनिसंयोजकाने माइक बाईंच्या लेकीच्या ओठांपासून चार बोटं मागे सरकवला आणि तिला पुन्हा गायला सांगितलं. रिकाम्या सभागृहात तिने शेवटची ओळ धरली. ओळ लांब होती, आणि मध्ये कुठेही दम न घेता संपवायची होती. संपता संपता तिचा आवाज कोरडा पडला, टोकाला काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं आणि ती मान वळवून खोकली. मग माइकपासून तशीच बाजूला वाकून त्याच्या कानाशी म्हणाली,

"काका, पुढच्या रांगेत कळेल का हो हे?"

"खोकला की खरखर?"

"दोन्ही."

"मला तर कळलं. डॉक्टर काय म्हणाले?"

"बारीकशी गाठ आहे. महिनाभर ताण नको म्हणाले. दिला, तर आवाज परत येईलच असं नाही." हवामानाची बातमी सांगावी तसं तिने हे सांगितलं, मग आणखी हळू म्हणाली, "आईला नुसती सूज आहे म्हटलंय. तुम्हीही बोलू नका."

मंचाच्या पार कडेला खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या बाईंनी, तिच्या आईने, डोळे उघडले.

"गप्पा झाल्या असतील तर परत घे. तू पोटात होतीस, सातवा महिना होता, तेव्हा मी ही ओळ एका दमात गायले. तुला तर कुणाचं ओझंही नाही."

"ऐकतेय ना तेव्हापासून," लेक म्हणाली. "पोटातूनसुद्धा."

बाईंचं नाव झालं ते त्या एका रेकॉर्डमुळे, आणि रेकॉर्डचं नाव झालं त्या ओळीमुळे. लोक कार्यक्रमाला येत ते ती ओळ ऐकायला. बाई दर वेळी तिथवर पोचत आणि दर वेळी चार शब्द उरलेले असताना त्यांचा दम संपे. टाळ्या पडत, पण सभ्यपणाच्या. आवाजाचा मिक्सर मागच्या दाराजवळ असल्यामुळे बाहेर पडणाऱ्यांचं बोलणं ध्वनिसंयोजकाच्याच कानांवर येई. घरी रेकॉर्ड लावली असती तर निदान पाय तरी पसरता आले असते, असं कुणी म्हणे. बाई आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत, असंही कुणी म्हणे. हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाई एकतीस वर्षांच्या होत्या.

पूर्वीच्या बाई कधी नव्हत्याच, हे एकट्या त्याला ठाऊक होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बाई दोनदा गाऊन थकून घरी गेल्या होत्या. दोन्ही वेळा त्यांनी मध्ये श्वास घेतला होता. त्याने ब्लेड घेऊन तो श्वास कापून काढला, वीतभर टेप, आणि दोन टोकं तिरकी जुळवून चिकटवली. सांधा इतका बेमालूम बसला की स्टुडिओच्या मालकांनी त्याची पाठ थोपटली. आठवड्याने रेकॉर्ड ऐकताना बाई रडल्या. म्हणाल्या, त्या दिवशी कुणीतरी माझ्याकडून गाऊन घेतलं. यावर काय बोलावं ते त्याला सुचलं नाही. पुढची अठ्ठावीस वर्षं सुचलं नाही. रेकॉर्डमधली ती बाई कधी श्वास घेत नसे, तिचं वय वाढत नसे, आणि कुठल्याही गावी जा, सभागृहात ती यांच्याआधी येऊन बसलेली असे.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. पाच मिनिटं उरली असताना तो रंगपटात गेला. बाई आरशासमोर होत्या, दातांत केसांची पिन.

"बाई, ती ओळ एका दमाची नाही."

त्यांनी आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही श्वास घेतला होता. मी तो कापला."

बाईंनी पिन काढून टेबलावर ठेवली, बाजूला सरकवली, मग सरळ केली.

"कुठे?"

"तिसऱ्या शब्दानंतर."

"मी रोज पहाटे उठून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आज का सांगताय?"

"तिच्या घशात सूज नाही, गाठ आहे. आज तिने ती ओळ एका दमात ओढली तर आवाज जाईल."

घंटा झाली. लेक मंचावर जाऊन बसली होती, पडदा उघडला होता, माइक चालू होते. तिथे कानात सांगितलेलंही सभागृहभर गेलं असतं.

"मी तिसऱ्या शब्दानंतर थांबेन," बाई उठत म्हणाल्या. "चांगला मोठा श्वास घेईन. लहानपणापासून ती माझ्यामागून जसंच्या तसं म्हणते. तिला कळेल." दाराशी त्या थबकल्या. "कसा होता हो तो?"

"श्वास?"

"हं."

"चांगला होता, बाई."

तासाभराने शेवटची ओळ आली. बाई तिसऱ्या शब्दाला थांबल्या. कानांवरच्या हेडफोनमध्ये ध्वनिसंयोजकाला त्यांचा श्वास भरभरून ऐकू आला. सभागृहात मात्र तो आलाच नाही. बाईंचा दम ऐकू आला की मिक्सरवरची सरकती कळ खाली ओढायची आणि शब्द आला की वर न्यायची, ही त्याच्या बोटाची इतक्या वर्षांची सवय होती. बोटाने त्याला विचारलं नाही. लोकांना ऐकू आला तो मध्येच तुटलेला आवाज, आणि मग नुसती पोकळी.

"आज तर तिसऱ्याच शब्दाला?" मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. कुणाला तरी हसू आलं. कुजबुज रांगारांगांतून पुढे मंचापर्यंत गेली.

बाईंनी ओळ पुरी केली आणि लेकीकडे बघून मान हलवली, सावकाश, समजावल्यासारखी. लेकीने कुजबुज ऐकली होती; आई मध्येच अडली, आता आपण सावरायचं, एवढंच तिला कळलं. तिने आईचा हात दाबला, पाठ ताठ केली आणि ओळ उचलली.

तिसरा शब्द आला, गेला. ती थांबली नाही. बाईंचा हात हवेत वर झाला आणि तसाच राहिला. ओळ पुढे पुढे गेली, पातळ होत, सरळ, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि तिथे ती क्षणभर टेकली.

सभागृह उठून उभं राहिलं. अठ्ठावीस वर्षं लोक जे ऐकायला येत होते ते त्यांना मिळालं होतं. मागच्या रांगेतला माणूस डोळे पुसत होता.

टाळ्या ओसरल्यावर लेकीने आभार मानायला माइक जवळ ओढला. तिचे ओठ हलले. हेडफोनमध्ये शब्द आला नाही. कळ खालीच राहिली असेल असं वाटून ध्वनिसंयोजकाने ती वर नेली, आणखी वर, पार टोकापर्यंत. आता अगदी शेवटच्या रांगेतही स्पष्ट ऐकू येत होता तो फक्त तिचा श्वास.