खांद्याच्या मापाची बंदूक

“हान ना वो!” तेजराम कुजबुजला.

“चूप रहा जी. माळा हालवून राहिले तुमी,” चंद्रभागाबाई म्हणाली आणि तिनं बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवला.

नुकतं फटफटलं होतं. राखणीच्या माळ्याखाली, धानाच्या बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, सात चितळं घरच्यासारखी चरत होती. भादव्यातला धान, गुडघ्याएवढा आणि लुसलुशीत. चंद्रभागाबाईनं घोडा ओढला. घोडा पडला, दारू पेटवणारी टोपी चट् करून फुटली, पण बार काही निघाला नाही. चितळांनी माना वर करून पाहिलं. या बंदुकीचा चट् त्यांच्याही ओळखीचा झाला असावा, कारण त्यांनी पुन्हा माना खाली घातल्या.

“मेली याही खेपेले फुसकीच,” म्हणत तिनं नळी बाजूला वळवली, आणि नेमका तेव्हा बार निघाला. चितळं उधळली. शेजारच्या बांदीतलं बुजगावणं गरकन फिरलं आणि चिखलात आडवं झालं.

नवराबायको एकमेकांकडे पाहत राहिली. ते बुजगावणं गावच्या पोलीस पाटलाचं, जागेश्वरचं होतं, आणि बुजगावण्याच्या अंगातला कोटही पाटलाचाच होता.

“उतर लवकर. बंदूक माह्याजवळ दे,” तेजराम म्हणाला.

बार झाला की बंदूक त्याच्या हाती द्यायची, ही दोघांची आठ वर्षांची सवय होती.

ही गोष्ट शिकारीवर बंदी आणणाऱ्या बहात्तरच्या कायद्याच्या आधीची. साकोलीपासून काही कोसांवर, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून तेजरामचं गाव. पीक राखायला परवान्याची बंदूक ठेवता येई आणि शेतात शिरलेल्या जनावरावर बारही टाकता येई. गावात तशी एकच बंदूक होती, तेजरामच्या बापाच्या वेळची, ठासणीची. नळीतून दारू ठासायची, वर छर्रे ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि पुढचं देवावर सोडायचं. बाप गेल्यावर परवाना तेजरामच्या नावावर झाला. तेजराम सहा फूट उंच, मिशा भरघोस, बंदूक हाती घेऊन उभा राहिला की बघत राहावं असा. एकच अडचण होती. घोडा ओढताना त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटत. त्यानं पुष्कळ प्रयत्न केले, पण डोळे काही ऐकेनात.

चंद्रभागाबाई लाखांदूरकडची. तिचा बाप तिथल्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शिकारीत माग काढायचा, आणि मुलगा नसल्यामुळे पोरीलाच सोबत न्यायचा. लग्नानंतर काही वर्षांनी एका पहाटे तिनं नवऱ्याच्या हातातून बंदूक ओढून घेतली आणि धान लोळवणारा रानडुक्कर पहिल्याच बारात पाडला. आवाज ऐकून गाव धावत आलं. तेव्हा ती माळ्यावरून उतरत होती, आणि तिला उतरता यावं म्हणून बंदूक तेजरामनं धरली होती. लोकांनी जे पाहायचं ते पाहिलं.

गावाची रीत अशी, की पिकात शिरलेलं जनावर पाडणाऱ्याच्या खांद्यावर पाटलानं शेला घालायचा, हाती नारळ द्यायचा, आणि जनावराचा उजवा फरा मानाचं मटण म्हणून त्याच्या घरी पोचवायचा. तेजरामनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तोवर नारळ हातात आला. घरी आल्यावर तो बायकोसमोर चोरासारखा बसला, तर ती पदर तोंडाला लावून हसत होती. “राहू द्या जी,” ती म्हणाली. “शेला तुमालेच शोभते.” मग तेच चालू राहिलं. आठ वर्षांत पाच शेले झाले, आणि एकाही शेल्यानं तेजरामला सुखानं झोप लागू दिली नाही.

जागेश्वर पाटील आला तो कोट हातात घेऊनच.

“सात भोकं! माह्या लग्नातला कोट होता बे हा!”

“मंग बुजगावण्याले कायले घातला, पाटील?”

“अंगात येत नाही म्हणून घातला! भोकं पाडाले नाही घातला!” मग जागेश्वरनं बंदुकीकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “तुही चूक नाही, तेजराम. तुह्यासारखा नेमबाज साऱ्या तालुक्यात नाही. हे बंदूकच बुढी झाली. नवी घे. काडतुसाची. अर्ज मी लिवतो अन् भंडाऱ्याले मीच संग येतो.”

तेजराम बरं म्हणाला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मागे चंद्रभागाबाई धानातलं गवत उपटत होती. तिनं मान वर केली नाही.

कागद साकोलीहून भंडाऱ्याला जाऊन परत यायला दसरा उलटला. निघायच्या दिवशी सकाळी चंद्रभागाबाईनं तेजरामच्या हातात एक दोरा ठेवला. पांढऱ्या सुताचा, एका टोकापासून दीड वितीवर एक गाठ मारलेला.

“हे काय?”

“माह्या कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंतचं माप हाये. बाबा असंच घेत. दस्ता याच्याहून लांब असला तं माहं बोट घोड्यावर पोचत नाही.” तिनं उजवा खांदा चोळला. “या बंदुकीनं आठ साल माहा खांदा सोलला जी. तुमच्या बाबाच्या मापाची होती. मले नारळ नोको, शेला नोको. पन यंदा बंदूक मले बसन अशी आना.”

लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि तिनं मागितलेली ही पहिलीच वस्तू होती. तेजरामनं दोरा खिशात ठेवला आणि एसटी येईपर्यंत तीनदा चाचपून पाहिला.

बसमध्ये घोंगडीत गुंडाळलेली, बदल्यात द्यायची जुनी बंदूक दोघांच्या मध्ये उभी होती. जागेश्वर वाटभर बंदुका निवडत होता. “रायफल घेऊ. आपल्या मालगुजाराजवळ होती. लाखनीत उभं राहून साकोलीचं चितळ पाडे!”

भंडाऱ्याचे गोपीचंद शेठ चाळीस वर्षं बंदुका विकत होते. रायफलीचा परवाना वेगळा लागतो, एवढं एका वाक्यात सांगून त्यांनी जागेश्वरची हवा काढली आणि तेजरामला पायापासून मिशीपर्यंत न्याहाळून एक दुनळी त्याच्या हातात दिली. काळीभोर नळी, अक्रोडाच्या लाकडाचा लांब दस्ता. तेजरामनं ती खांद्याला लावली. समोर कपाटाची काच होती. काचेत जो माणूस दिसला, तो तेजरामला फार आवडला.

“वा बाप्पा!” जागेश्वर म्हणाला. “हेच! शोभते तुले! आता हे सोडू नोको.”

“आदमी के नाप की है,” शेठ म्हणाले. “बांधून देऊ?”

तेजरामनं डावा हात खिशात घातला. दोरा बोटाला लागला.

“शेठ, याच्याहून आखूड दस्त्याची... एखादी?”

“आखूड?” शेठनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचे हात एवढे लांब. आखूड घेतली तं धक्क्यानं नाक फुटेल.”

“फुटू द्या. हलकी पायजे. एकनळी.”

“याले उन्ह लागलं काय बे!” जागेश्वर ओरडला. “नेमबाज माणूस अन् एकनळी? ते बी लेकराची?”

शेठनी निमूटपणे एक हलकी एकनळी काढली. तेजरामनं पाठ फिरवून, जागेश्वरपासून लपवत, दोरा दस्त्याला लावला. गाठ दस्त्याच्या टोकापासून चांगली दोन बोटं अलीकडेच राहिली.

“हा थोडा कापून भेटन काय?” त्यानं हळूच विचारलं.

“भेटेल. आमचा सुतार इथंच आहे. पण ऐका, लाकूड एकदा कापलं की परत जुळत नाही. ज्याच्या खांद्याला लावायची, त्याच्याच मापानं मी कापतो. तुमचं माप हे नाही. मग कोणासाठी कापू?”

कोणासाठी म्हणून सांगावं? तेजरामच्या डोक्यात दोनतीन खोटी उत्तरं आली, आणि बरी होती. पण आठ वर्षं तो खोटं तोंड न उघडता बोलत आला होता. आज उघडून बोलायची पाळी आली आणि जीभ वळेना.

“माह्या बायकोसाठी,” तो म्हणाला.

आधी जागेश्वर हसला. “बायकोले कायले बंदूक बे? भात ढवळाले?”

“तेच मारते, पाटील. मी नाही मारत. मले नाही जमत. माहे डोये मिटतेत.”

जागेश्वरचं हसणं तोंडावरच राहिलं. “म्हंजे त्या सालचा डुक्कर?”

“तिनंच.”

“अन् बोडीच्या पाण्यावरचं चितळ? ज्याची खाल मी देवघरात आथरली?”

“तेबी तिनंच.”

“अन् नारळ?”

तेजरामनं मान खाली घातली. “नारळ मी खाल्ले.”

पाटील दुकानाच्या बाहेर गेला. तेजराम तसाच उभा राहिला. आता गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही हे त्याला कळत होतं, आणि तरी छातीवरचा धोंडा कुणी उचलल्यासारखं वाटत होतं. शेठ तोंडातलं पान चघळत भिंतीकडे पाहत होते. थोड्या वेळानं जागेश्वर आत आला. तंबाखूनं गाल फुगला होता.

“शेठ, दस्ता कापा,” तो म्हणाला. “अन् बरोब्बर दोऱ्याच्या मापानं कापा. आमच्या वैनीचा खांदा हाये तो.” मग तेजरामकडे न बघता, “तू चाल कचेरीत. परवान्यावर राखणदाराचं नाव चढवाची जागा असते. ते चढवल्याशिवाय मी तुले गावात येऊ देणार नाही.”

कचेरीतल्या बाबूनं विचारलं, “राखणदार तुमचा कोण लागतो?”

“बायको लागते.”

बाबूनं टाक खाली ठेवला. “बायकोचं नाव आजवर इथं कुणी चढवलं नाही.”

“राखणदाराचं चढवता ना?” तेजराम म्हणाला. “मंग लिवा. राखण तेच करते.”

जागेश्वरनं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि पोलीस पाटील म्हणून स्वतःची ओळख करून दिली. बाबूनं लिहिलं.

परतीच्या बसमध्ये जागेश्वर खिडकीशी बसला. लाखनीला त्यानं खिडकीतून भजी घेतली आणि पुडा तेजरामपुढे धरला.

“आठ साल?”

“आठ साल.”

“अन् वैनी काहीच बोलली नाही?”

“हासते.”

जागेश्वरनं एक भजं तोंडात टाकलं, चावलं, आणि मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. “मी भाषण केलतं बे तुह्यावर! पंधरा आगस्टले! झेंड्याखाली!”

“मीच तं उभा होतो बाजूले,” तेजराम म्हणाला, आणि तोही हसू लागला.

घरी चंद्रभागाबाईनं घोंगडी सोडली. बंदूक उचलून खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि बोट न ताणता अलगद घोड्यावर जाऊन बसलं. “बसली जी!” ती लहान पोरीसारखी ओरडली. मग तिनं दस्त्याचं ताजं कापलेलं टोक पाहिलं. “पन पाटील संग होते ना? त्याईले काय सांगतलं?”

“खरं सांगतलं.”

बंदूक भिंतीला टेकवून ती वळली. चुलीजवळ जाऊन बसली आणि पेटलेलीच चूल पुन्हा फुंकू लागली. डोळे पुसायला धुराचं निमित्त बरं असतं.

कार्तिकात धान पिवळा झाला आणि एका पहाटे चितळांचा कळप पुन्हा बांदीत उतरला. या वेळी तेजरामनं हान म्हटलं नाही. श्वास धरून बसला. एकच बार झाला, स्वच्छ, आणि शिंगाळा नर बांधावर कोसळला. तेजरामचे डोळे मात्र सवयीनं मिटलेच होते.

दोघं माळ्यावरून उतरली. या खेपेला बंदूक तिनं स्वतःच्या हातात ठेवली, कारण त्यानं ती मागितली नव्हती. धुक्यातून गाव येताना दिसलं. पुढे जागेश्वर, अंगात तोच कोट, सात भोकांना सात ठिगळं लावलेला आणि पुढची बटणं न लागणारा. एका हातात शेला, एका हातात नारळ. मागे चाळीसएक माणसं, आणि एरवी बांदीवर न येणाऱ्या बायाही होत्या. पाटलानं गावाला काय सांगितलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पाटील जवळ आला तसे तेजरामचे हात आपोआप पुढे झाले. जागेश्वर त्याच्या बाजूनं पुढे निघून गेला आणि चंद्रभागाबाईसमोर उभा राहिला. तेजरामचे दोन्ही हात तसेच ओंजळ करून हवेत राहिले. कुणीतरी खुदकन हसलं.

“वैनी, घ्या,” पाटील म्हणाला.

चंद्रभागाबाई गोंधळली. दोन्ही हातांत बंदूक होती. नवी बंदूक चिखलात ठेवायची तरी कशी? तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

तेजराम दोन पावलं पुढे आला. त्यानं तिच्या हातांतून बंदूक घेतली, नळी जमिनीकडे केली आणि तिच्या एक पाऊल मागे जाऊन उभा राहिला.

“घे वो,” तो म्हणाला. “हात मोकळे झाले ना आता.”