कंडक्टर तेवढा माझा

माझा धंदा लग्नाआधीच्या चौकशीचा. बेळगावात एक खोली आहे, दारावर पाटी आहे, 'खासगी गुप्तहेर'. गुप्त काय नसतंय त्यात. गावात जायचं. डेअरी, गिरण, न्हावी, तीन ठिकाणी विचारायचं. तिन्हीकडं एकच गोष्ट मिळाली की रिपोर्टात 'खात्रीलायक' लिहायचं.

निपाणीच्या जयाबाई आल्या. "अरं सूरज, माझ्या भाच्यानं उचगावची पोरगी पसंत केलीया. रचना. शिलाईचं दुकान हाय तिचं. पण कायबाय कानावर आलंय. बघून ये, मग ठरवू."

उचगाव माझं आजोळ. बरीच वर्षं तिकडं फिरकलो नव्हतो. तरी गेलो.

डेअरीवाला म्हणाला, "कंडक्टरसंगं पळून गेलती. चौथ्या दिवशी आली, पायात एकच चप्पल." गिरणवाला म्हणाला, एकच चप्पल. न्हाव्यानं तर वस्तरा थांबवला, आवाज बारीक केला. "आन् म्हणाली, आई, दुसरी चप्पल माझ्या काळजात रुतलीया."

ते वाक्य माझं आहे.

आठ वर्षांमागं उचगावच्याच यात्रेत गावच्या मंडळानं नाटक बसवलंतं. लेखक मी, वय एकवीस, स्वतःला लई मोठा समजायचो. त्याआधी रचनाला एक कविता ऐकवलीती. तिनं जांभई दिली. म्हणून नाटकातल्या पोरीचं नाव रंजना ठेवलं, पण घर रचनाचंच, गिरणीमागचं, दारातल्या जास्वंदीसकट. ती बसनं जायची तो मच्छे गावचा शिवणक्लासबी तिचाच. कंडक्टर तेवढा माझा.

पुढं तेच नाटक बेळगावच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत आपटलं. मी लिहिणं सोडलं. गाव नाटक विसरलं, लेखक विसरलं. गोष्ट तेवढी ठेवून घेतली. तिच्यापायी रचनाची दोन स्थळं मोडली म्हणे.

आणि खरं सांगतो, न्हाव्यानं वाक्य म्हटलं तेव्हा आधी बरं वाटलं. पाठ होतं त्याला. शरम नंतर आली.

दुकानात गेलो तर रचना काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "डिटेक्टिव्ह झालास म्हणं? मग सापडीव की, कुणी केलं हे."

"रचना, मी..."

"मला म्हाईत हाय रं. निपाणीत सांग. मला तो मुलगा पायजे."

रिपोर्टात लिहिलं: अफवा रचणारा, मी स्वतः. जयाबाईंनी दोनदा वाचलं. "पोरीची दया आली व्हय? तूच रचलंस कशावरनं?"

नाटकाची वही कधीच रद्दीत गेलती. मग त्यांच्या बाहेरच्या सोप्यात उभा राहिलो आणि तिसरा अंक करून दाखवला. सगळा. कंडक्टर मी, रंजना मी, रडणारी आई पण मी. शेवटाला माझेच डोळे भरले.

जयाबाईंचे न्हाईत. "आमच्या मालकांनी तीस वर्सं तिकिटं फाडली. सलग चार दिवस रजा कधी गावली न्हाय. आन् असलं बोलतंय कोण रं, काळजात चप्पल? हे खरं घडूच शकत न्हाय. कळव पोरीला, जमलं म्हणून."

जमलं. तरी माझ्या तोंडातून गेलंच, "मावशी, आणि एक प्रवेश हाय..."

"बस कर."

बाहेर येऊन रचनाला फोन लावला. तिकडं मशीन थांबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लग्नाला यायचं न्हाय तू. आन् रविवारी देवळापुढं गाव गोळा करायला लावते. तिथंबी हेच करून दाखवायचं."

"सगळा अंक?" मी विचारलं. आवाजात जरा आनंद आला असणार, कारण तिनं फोन ठेवला.