पहिल्या सेकंदाची तालीम

लाँड्रीच्या दारावरची घंटी वाजली की ताईच्या छातीत धस्स व्हायचं. दिवसाला साठ-सत्तर गिऱ्हाइकं, म्हणजे साठ-सत्तर वेळा धस्स. आता धंदा म्हटला की घंटी वाजायलाच हवी, आणि ती वाजली की जीव घशाशी यायलाच हवा, असा सगळा आनंद! गेले तीन महिने ती आधी आलेल्या माणसाचे बूट बघायची, मग तोंड. काळे, चकचकीत, नाडीचे बूट नसले की मगच तिच्या तोंडून 'या' निघायचं.

तसले बूट तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे होते. माणूस महा गोडबोल्या. ताईशी बोलताना 'ताई, तुम्ही जेवलात का?' विचारल्याशिवाय पुढं जायचा नाही. त्याच्या शर्टाची घडी विस्कटलेली कुणी पाहिली नव्हती, आणि त्याच माणसानं बायकोचं मनगट दाराच्या फटीत धरून मोडलं होतं. का, तर हिनं फोन उचलायला उशीर केला म्हणे. धाकटी एका पिशवीनिशी ताईकडे आली ती कायमचीच. लग्नाच्या भानगडीत ताई कधी पडलीच नव्हती, त्यामुळे घरात जागा होती आणि कुणाला विचारायचं नव्हतं.

ताई तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. तिथल्या बाईंनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं, म्हणाल्या, 'सांगा.' धाकटी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. पंधरा मिनिटं! शेवटी बाईंनीच पेन बंद केलं आणि 'जमेल तेव्हा या' म्हणाल्या. तेव्हापासून धाकटी लाँड्रीच्या मागच्या भागात, हँगरला टांगलेल्या कपड्यांच्या रांगांपलीकडे वाफेची इस्त्री चालवत असे. दिवसभरात दहा शब्द बोलली तर खूप. आणि नवऱ्याचा निरोप एकच यायचा, 'एक दिवस येऊन घेऊन जाईन.'

कधी, ते मात्र सांगायचा नाही. मेला!

मग ताईनं जेलरबाईंचा स्वसंरक्षणाचा वर्ग लावला. जेलरबाई म्हणजे बायकांच्या तुरुंगात तीस वर्षं पहारा केलेली, साठी उलटलेली, बुटकी बाई. आठवड्यातून दोनदा सकाळी, फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये त्या शिकवायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'मारामारी जिंकायला शिकायचं असेल तर दुसरीकडे जा. मी फक्त पहिला सेकंद शिकवते. तो हातचा गेला की पुढचं सगळं भांडण समोरच्याचं.'

तीनच गोष्टी होत्या. दोन्ही तळवे तोंडासमोर. पोटातून आरोळी, 'मागे हो!' आणि तळव्याचा रट्टा हनुवटीवर देऊन सरळ दाराकडे पळ. 'मागे वळून बघायचं नाही,' जेलरबाई बजावायच्या. 'मारलेला माणूस कसा दिसतो ते मी बघितलंय, काही खास नसतं.'

हल्ला करायला असायचा बेकरीवाला. हा भला दांडगा माणूस, अंगावर जाड गाद्या बांधलेला, आणि स्वभावानं गरीब गाय. अंगावर धावून यायच्या आधी तो प्रत्येकीला विचारायचा, 'तयार?' मगच धक्का मारायचा आणि वर 'लागलं नाही ना, ताई?' हेही विचारायचा.

'अहो, गुंड काय परवानगी काढून येतात?' जेलरबाई कपाळावर हात मारायच्या.

'सवय हो, बाई. भट्टीतून तापलेला ट्रे ओढताना ओरडून विचारावंच लागतं. नाहीतर माझा मदतनीस भाजून निघेल.'

सगळ्या हसायच्या. ताईही हसायची. आणि काय सांगावं, तिला जमायला लागलं होतं! 'तयार?' ऐकलं की हात आपसूक वर जायचे. घरी ती धाकटीला समोर उभं करायची. धाकटी पुटपुटायची, 'तयार?' आणि चांगल्या हातानं तिचा खांदा ढकलायची. स्वयंपाकघरात ओट्यापाशी, जिन्यात, अंथरुणं घालताना, शंभरदा. धाकटीच्या दहा शब्दांतले निम्मे त्यातच संपायचे.

पाचव्या आठवड्यात जेलरबाईंनी बेकरीवाल्याच्या तोंडाला रुमाल बांधला. 'आज मुक्यानं.' ताई डोळे मिटून उभी राहिली. पाठीमागून धक्का बसला, दंड धरला गेला, आणि ताई नुसती उभी. हात खाली, तोंड उघडं, आवाज नाही. पुन्हा केलं. तेच. सहा वेळा तेच.

जेलरबाई हसल्या नाहीत. तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'चूक माझी. पहिल्याच दिवशी त्याचं तोंड बांधायला हवं होतं. तुझं अंग त्या शब्दाची वाट बघत राहतंय. शब्द नाही तर तू खांब.'

'मग आता?'

'आता ती सवय मोडायची. महिना लागेल.'

महिना! ताईच्या तोंडचं पाणी पळालं. एवढे दिवस ती स्वतःला वाघीण समजत होती आणि निघाली खांब. लाँड्रीत परतताना तिनं कोपऱ्या-कोपऱ्यावर मागं वळून पाहिलं. धाकटीला मात्र तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगून काय, तिचीही झोप उडवायची?

तो आला त्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी. ताई खाली वाकून टोकनांचा डबा शोधत होती, त्यामुळे बूट दिसलेच नाहीत. वर बघते तो काउंटरपलीकडे हसरा चेहरा.

'ताई, जेवलात का?'

ताईच्या जिभेचं लाकूड झालं. रस्त्यावरून माणसं जात होती, काचेतून दिसत होती, आणि एकालाही हाक मारता येईना.

'दोन शब्द बोलायचेत तिच्याशी. बोलवता की मी जाऊ आत?'

'ती... ती इथं नसते,' ताई ततपप करत म्हणाली. आणि नेमकी तेव्हाच मागं इस्त्रीनं फुस्स करून वाफ सोडली. त्यानं मान तिरकी करून ऐकलं. मग काउंटरची फळी उचलून, आपल्याच घरात शिरावं तसा तो आत आला. त्यानं ताईचा दंड धरला आणि तिला कपड्यांच्या रांगेवर रेटलं. हँगर पाठीत रुतले. चेहरा अजून हसराच होता, हेच भयंकर होतं.

'खोटं बोलायचं नाही, ताई. वयानं मोठ्या आहात तुम्ही.'

तळवे तोंडासमोर, ताई मनात म्हणत होती. आरोळी. रट्टा. सगळं पाठ होतं, आणि हात मात्र दुसऱ्या कुणाचे असावेत तसे खाली लोंबत होते. त्याची बोटं दंडात घुसत चालली. आता हा मला बाजूला टाकणार, पाच पावलं चालणार, आणि ती तिथं इस्त्रीशी उभी असेल, एक मनगट अजून वाकडं असलेली. ताईला रडू फुटलं. भीतीनं आणि संतापानं, दोन्हीनं.

मागच्या कोटांच्या रांगेतून आवाज आला. चिरका, फाटका, पण मोठा.

'तयार?'

ताईनं काही केलं नाही, तिच्या अंगानंच केलं. हात वर गेले, 'मागे हो!' अशी आरोळी फुटली की काच थरथरली, आणि तळव्याचा रट्टा हनुवटीवर असा बसला की त्याचे दात एकमेकांवर आपटलेले तिला ऐकू आले. तो कपड्यांच्या ढकलगाडीवर मागच्या मागं कोसळला. ताईनं रांगेत हात घालून धाकटीला खेचलं, आणि दोघी काउंटरखालून वाकून, दारातून सरळ रस्त्यावर आल्या. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

आरोळीनं आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले होते. कुणीतरी फोन लावला. तो दाराशी आला तेव्हा शर्टाची घडी पार विस्कटली होती, ओठातून रक्त येत होतं, तरी पठ्ठ्या हात जोडून लोकांना सांगत होता, 'घरगुती मामला आहे हो. बायको जरा तापट आहे, एवढंच.' आणि लोकांतल्या दोघा-तिघांनी मान डोलावलीसुद्धा! धाकटीचा हात बर्फासारखा गार होता.

पोलिसांची गाडी आली. उतरल्या त्या ठाण्यातल्याच बाई. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं, आणि वही उघडली.

'तक्रार कोण सांगतंय?'

तो चार पावलांवर उभा राहून धाकटीकडे बघत होता, आणि हसत होता. धाकटीची नजर खाली, पायाच्या अंगठ्याकडे गेली. ताईला ती पंधरा मिनिटं आठवली. आता ही गप्प राहिली तर हा कपडे झटकून घरी जाईल, आणि पुन्हा एक दिवस येईल. कधी, ते सांगणार नाही.

ताईनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

'तयार?'

'नाही,' धाकटी म्हणाली. मग तिनं मान वर केली, वाकडं मनगट बाईंच्या वहीसमोर धरलं आणि सांगायला लागली.